मान हलवण्याचे दिवस

विहाराच्या भोंग्यातून सकाळपासून कोणीतरी "हॅलो, हॅलो" करतंय, म्हणजे आषाढ पौर्णिमा आली. आमच्या किन्हीराजात पौर्णिमा कॅलेंडरच्या आधी भोंग्याला कळते. आता आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत वर्षावास. रोज दिवेलागणीला विहारात ग्रंथ वाचला जाईल, बाया पांढऱ्या साड्या नेसून येतील, आणि पावसाळ्यात पांढरी साडी वाळत नाही, वाळली तरी तिचा वास जात नाही, असं रोज एकमेकींना सांगतील. ही तक्रार ऐकल्याशिवाय मला वर्षावास लागल्यासारखा वाटत नाही.

शिवारात सोयाबीन गुडघ्याला आलेलं आहे. निंदण करून आलेल्या बायांच्या पायाला काळी माती असते. ती पाय धुऊनही नखांच्या कडेला राहते, आणि विहाराच्या पांढऱ्या फरशीवर बसल्यावर दिसते. ट्यूबलाइट लावली की पाखरं येतात. ती ग्रंथावर पडतात, वाचणारीच्या केसांत शिरतात, मग कोणीतरी लाइट बंद करतं आणि मेणबत्तीवर वाचन चालतं, मग मेणबत्तीवरही पाखरं येतात. इतकी वर्षं हे असंच चाललं आहे. यातली बरीच वर्षं वाचणारी मी होते.

मी आसपासच्या गावांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेली बाई. माझा आवाज खणखणीत होता, उच्चार स्वच्छ होते, आणि गावातल्या अर्ध्या बाया एकेकाळी माझ्या वर्गात बसलेल्या असल्यामुळे मी वाचायला लागले की आपोआप हाताची घडी घालत. मला हे आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

मग कंपवात आला. कंपवात म्हणजे हात थरथरतो, एवढंच लोकांना माहीत असतं. खरं तर हात हा त्यातला सगळ्यात सभ्य भाग. तो उघडपणे थरथरतो, लपवत नाही. बाकीचं हळूहळू, न विचारता आत येतं. आवाज खाली बसतो आणि आपल्याला वाटत राहतं की आपण नेहमीसारखंच बोलतोय. चेहऱ्यावरची हालचाल जाते, त्यामुळे मला हसू आलं तरी समोरच्याला वाटतं मी चिडले आहे. उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटतो. आणि डोक्यातलं, जे मला सांगायला जरा वेळ लागतो, ते असं की गोष्टींचा क्रम सुटतो. माणसं ओळखू येतात, जुनं सगळं आठवतं, पण आधी काय आणि नंतर काय, हे काल झालं की परवा, हे हातातून निसटतं. चहा करताना पाणी, साखर, पत्ती यांतलं एक राहून जातं. दोघी एकदम बोलायला लागल्या की मला दोघींचंही कळत नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी हे सगळं होणार म्हणून आधीच सांगितलं होतं. ते चांगले डॉक्टर आहेत. त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, की माणसांत राहा, घरात बसू नका. गोळ्यांच्या वेळा सांगाव्यात तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं. गोळ्या घेणं त्यापेक्षा सोपं आहे.

मी आठवतेय तो वर्षावास दोन वर्षांपूर्वीचा.

आमच्या विहारात एक रीत आहे, ती दुसरीकडे आहे की नाही मला माहीत नाही. वाचन संपलं की वाचणारीने विचारायचं, "कोणाले काही इचारायचं?" आणि मग जे प्रश्न येतील त्यांना तिने उत्तर द्यायचं. पळून जायचं नाही. माझ्या चांगल्या दिवसांत या बायांनी मला घाम फोडलेला आहे. सगळ्यात जास्त गयाने. गया म्हणजे आमच्या गावातली पिठाची गिरणी चालवणारी. मी आणि ती एकाच वयाच्या, एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या, आणि तेव्हापासून आमचं कशावरही एकमत झालेलं नाही. खिरीत साखर घालायची की गूळ, विहाराला निळा रंग द्यायचा की पांढरा, सगळ्यावर भांडण. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ती ओरडूनच बोलते, आणि तिला ऐकूही कमीच येतं.

एकदा मी वाचलं की भिक्खू पावसाळ्यात प्रवास थांबवून एका जागी राहत. गया मागून म्हणाली, "पावसायात एका जागी रायनं हे कोनाले जमते? ज्याले शेती नाही त्याले. आमचा तं पावसायातच पाय थांबत नाही." मी काहीतरी उत्तर दिलं. ते तिला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने तेच पुन्हा काढलं. त्या वेळी मला तिचा राग यायचा, आणि घरी जाताना मी जावेला म्हणायचे की या गयेला कोणीतरी आवरा.

तर त्या वर्षी, श्रावण लागला होता, मी एके संध्याकाळी वाचायला बसले. ग्रंथात मोरपीस ठेवलेलं असतं, ते वाचन झालं की पुढे सरकवायचं. मी पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. थोड्या वेळाने ओळीच्या शेवटी एक पाखरू चिकटलेलं दिसलं. वाळलेलं, एक पंख वेगळा झालेला, आणि त्याच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा पुसट डाग. ते मीच दाबलं होतं. दाबताना हात थरथरला म्हणून डाग लांब ओढला गेला होता, आणि तो डाग बघून मला वाईट वाटलं होतं, हेही मला आठवत होतं. म्हणजे हे पान मी आधी वाचलेलं होतं.

मी वर पाहिलं. सगळ्या बाया नेहमीसारख्या बसल्या होत्या. माना हलवत होत्या. मी पुढे वाचत राहिले, कारण थांबून काय म्हणायचं ते सुचलं नाही. संपल्यावर विचारलं, "कोणाले काही इचारायचं?" कोणालाच काही विचारायचं नव्हतं. मग लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत कोणी काही विचारलेलंच नाही.

घरी येताना मी लताला विचारलं. लता माझी धाकटी जाऊ. मुलगा पुण्याला, नवरा गेलेला, त्यामुळे मी लताच्याच घरात असते. तिच्याइतकं माझं कोणी करत नाही, हे आधी सांगून ठेवते.

"आज वाचलं ते काल वाचलं होतं का?"

लता चिखल चुकवत चालत होती. "असू द्या ना ताई. चांगलं हाय, दोनदा आयकलं तं काय झालं."

"परवा?"

टॉर्च तिने माझ्या पायांपुढे धरला होता, तो तसाच धरून ठेवला.

आता हे लांबून बघताना मला त्यात काही भयंकर दिसत नाही. एका आजारी बाईने तेच पान वाचलं, आणि इतर बायांनी तिचा मान राखला. कोणी हसलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. पण त्या रात्री माझ्या मनात एकच गोष्ट घर करून बसली, की एवढ्या बायांपैकी एकीलाही मला सांगावंसं वाटलं नाही. चुकलेल्या पोराला मी वर्गात सांगायचे. ज्याच्याकडून काही होणार नाही असं मी ठरवून टाकलेलं असायचं, त्या पोराला मात्र "बरोबर, बस" म्हणायचे. म्हणून मला ते "बरोबर, बस" ओळखता आलं.

मी विहारात जाणं बंद केलं. पाय दुखतात म्हणून सांगितलं. पाय दुखतही होते.

श्रावण सरला, भाद्रपदाचं ऊन पडायला लागलं. अंगणात उकिरड्याकडेला तरोटा माजला, लताने त्याची भाजी केली. भोंग्यातून वाचन ऐकू यायचं. गावात नुकतीच लग्न होऊन आलेली प्रज्ञा नावाची मुलगी आता वाचत होती, ती अडखळत होती आणि मला त्याचं बरं वाटत होतं. घरी बाया भेटायला यायच्या. खुर्चीत मी बसलेली, आणि माझ्या डोक्यावरून त्या लताला विचारायच्या, "ताई जेवल्या का? झोप लागते का त्याईले?" लताही उत्तर द्यायची. मी जेवले होते, झोप लागत नव्हती, पण माझं उत्तर तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. माझं वाक्य कोणीतरी माया करून पुरं करायचं, आणि ते मला म्हणायचं असलेलं वाक्य नसायचं. मी मान हलवायचे. तेवढं सोपं पडायचं. "तुमाले आठवते ना ताई, आपण पोहरादेवीच्या यात्रेले गेलो होतो?" "आठवतं." मला नेहमीच आठवायचं असं नाही. कधी आठवायचं, कधी अजिबात नाही, पण उत्तर एकच. त्या माना हलवत होत्या, मीही हलवत होते, आणि अशा रीतीने आमचं फार चांगलं चाललं होतं.

कारंज्याहून शमीमचा फोन यायचा. आम्ही दोघी पूर्वी एका शाळेत होतो. फोनवर मला शब्द सापडायला वेळ लागला की तिकडून ती, "हॅलो, आवाज आ रही क्या? हॅलो?" आणि फोन कट. फोनला शांतता चालत नाही. तिसऱ्यांदा कट झाल्यावर मी उचलणं सोडून दिलं. मग तिने भाचीकडून व्हिडिओ कॉल शिकून घेतला. पडद्यावर अर्धी ती आणि अर्धा तिच्या छताचा पंखा दिसायचा. "अब दिखता है, तू सोच रही है," ती म्हणाली. "आरामसे सोच. मी भाजी निवडते." आणि ती खरंच मेथी निवडत बसायची, मी शब्द शोधत बसायचे. कधी मेथी आधी संपायची.

पण शमीम कारंज्याला. विहार इथे, तीन घरं सोडून.

गया आली ती दुपारी, गिरणीवरून थेट, भुवयांवर पीठ घेऊन. बसलीसुद्धा नाही.

"तू काहून येऊन नाही राह्यली?"

मी पायाचं सांगितलं.

"आयकू आलं नाही. मोठ्यानं बोल."

आजारी पडल्यापासून माझं बोलणं ऐकू आलं नाही असं मला कोणीच म्हणालं नव्हतं. सगळ्या पुढे वाकायच्या, डोळे बारीक करायच्या आणि ऐकल्यासारखं करायच्या. मी पुन्हा सांगितलं, जरा जोर लावून.

"पाय दुखते म्हणून? का तेच पान वाचलं म्हणून?"

लता आतून आली. "गयाबाई, काहून तरास देता त्याईले."

"म्या कुठी तरास देऊन राह्यली? तेच पान तीनदा वाचलं, सारं गाव सांगून राह्यलं, एक इलेच नाही सांगत." मग माझ्याकडे वळून, "मले तं ते तीनही दिवस काही आयकूच आलं नाही, तुया आवाजच निघत नाही आता. आयकू आलं असतं तं तिथंच टोकलं असतं."

माझ्या चेहऱ्यावर हसू दिसत नाही. त्यामुळे तिला वाटलं मला राग आला, आणि ती आणखी पेटली. "राग आला तं येऊ दे. उद्यापासून ये."

"मला वाचता येत नाही आता."

"वाचाले कोण म्हनते तुले? आयकाले ये. इतके वर्सं आमी तुयं आयकलं. आता तू दुसऱ्याचं आयक."

दुसऱ्या दिवशी मी गेले. विहाराच्या उंबरठ्यावर पाय चिकटला. लता माझा दंड धरून हळूहळू ओढायला लागली, मागच्या बाया थांबल्या, सगळ्यांना एकदम माया आली. गयाने आपली छत्री आडवी माझ्या पायापुढे ठेवली. "छत्री वलांड," म्हणाली. समोर काही ओलांडायला असलं की चिकटलेला पाय सुटतो, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. गयाला कोणी सांगितलं होतं की ती फक्त वैतागली होती, हे मी विचारलं नाही.

मी मागे, भिंतीला टेकून बसले. इतक्या वर्षांत मी ही बाजू पाहिलीच नव्हती. वाचणारीला पुढून माना दिसतात. मागून पाठी दिसतात, पदरातून डोकावणाऱ्या वेण्या, पेंगणाऱ्या बाया, आणि पाखरांना हाकलण्यासाठी हलणारे हात. त्या दिवशी प्रज्ञाने शीलांबद्दलचा भाग वाचला. संपल्यावर तिने घाईघाईत विचारलं, "कोणाले काही इचारायचं?" आणि कोणी काही म्हणत नाही बघून ग्रंथ मिटायला घेतला.

मला विचारायचं होतं. वाक्य डोक्यात तयार होतं, तोंडापर्यंत येत नव्हतं.

"थांब व," गया म्हणाली. "ते बोलून राह्यली."

सगळ्या मागे वळल्या. एवढे चेहरे एकदम बघून माझं वाक्य मागे गेलं. ते परत आणायला वेळ लागला. कोणी ते माझ्यासाठी पुरं केलं नाही, कारण ते काय असेल याचा कोणालाच अंदाज नव्हता.

"आठवत नसताना," मी म्हणाले, "आठवतं म्हटलं, तर चौथं शील मोडलं का?"

चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते आम्ही रोज म्हणतो, वाचनाच्या आधी, सगळ्या मिळून.

लता सगळ्यांत आधी बोलली. "नाही हो ताई. बिमार मानसाचं काय शील अन् काय मोडनं." प्रज्ञाही म्हणाली, की मनात कपट नसलं तर मोडत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही ते उत्तर सोयीचं होतं.

"मोडलं," गया म्हणाली.

"गयाबाई."

"मोडलं म्हनजे मोडलं. बिमार हाय म्हनून तिनं शील घेनं बंद केलं काय? रोज घेते ना आपल्यासोबत? मंग इचं मोडत नाही, अन् आपलं मोडते, असं कसं? ते मानूस नाही काय?"

पाखरं ट्यूबलाइटवर आपटत होती, त्यांचा आवाज येत होता.

"मोडलं तं उद्या पुन्हा घ्याचं," गया म्हणाली. "त्याच्यासाठीच तं रोज घेतो."

मला रडू आलं. चेहऱ्यावर ते दिसतं की नाही मला सांगता येत नाही. पण इतके महिने मी सूट मिळालेल्या माणसासारखी वावरत होते. सूट मिळालेल्या माणसाला काही विचारत नाहीत, त्याचं काही चुकत नाही, आणि हळूहळू तो असला काय नसला काय. गयाने मला त्या सुटीतून ओढून काढलं. प्रेमाने काढलं असं मी म्हणणार नाही. तिला माझा मुद्दा चुकीचा वाटला, एवढंच.

हे सगळं आज मी भोंग्याचं "हॅलो, हॅलो" ऐकत लिहितेय, थोडं मी आणि थोडं लताकडून लिहून घेतेय, कारण माझं अक्षर आता मलाच लागत नाही. यंदा मी त्या वर्षीपेक्षा बरीच मागे गेले आहे. नावं सुटायला लागली आहेत. परवा प्रज्ञाच्या मुलाला मी प्रज्ञाच्या दिराच्या नावाने हाक मारली, आणि तिने सरळ सांगितलं, "बाई, हा तो नव्हे." त्या वर्षीनंतर आमच्याकडे हे असं सांगायची पद्धत पडली आहे. काही बाया फारच जोरात सांगतात. मला ते नेहमी गोड लागतं असं नाही. कधीकधी वाटतं, आज मान हलवली असती तर काय बिघडलं असतं. आजार काही बरा होत नाही, तो आपल्या चालीने चालतो, आणि चांगल्या माणसांमध्ये बसल्याने त्याची चाल मंदावते असं मला तरी अजून दिसलेलं नाही. फरक इतकाच की मी जिथे बसते तिथे खरोखर बसलेली असते.

गयानं "मोडलं" म्हटल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा गेले. वाचन झालं. प्रज्ञाने विचारलं. मी हात वर केला, आणि वाट बघून झाल्यावर माझ्या तोंडातून प्रश्न आला: आठवत नसताना आठवतं म्हटलं, तर चौथं शील मोडलं का?

सगळ्या मागे वळल्या आणि पूर्वीसारख्या माना हलवायला लागल्या. मला कळलं की काहीतरी झालं आहे, काय ते कळलं नाही. मी गयाकडे पाहिलं. ती तोंड उघडतच होती, तेवढ्यात लता बोलली.

"ताई, हे तुमी काल इचारलं."

लताने मला असं काही सांगितल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही, आणि यात माझ्या आठवणीचा दोष नाही.

"उत्तर काय दिलं होतं?"

"गयाबाई म्हने मोडलं. म्या म्हने नाही मोडलं."

"आणि आज?"

लताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. "आज निंगताना म्या तुमाले इचारलं, गोळी घेतली का. तुमी म्हने घेतली. गोळी तं डबीतच होती. म्या पायली. पायली अन् बोलली नाही." ती थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आपल्या दोघीयचं मोडलं."

घरी जाताना तिने टॉर्च माझ्या पायांपुढे धरला. आत येताच गोळी पाण्याच्या पेल्याबरोबर माझ्यासमोर आदळली. आजारी पडल्यापासून त्या घरात माझ्यावर कोणी रागावलं नव्हतं. मी गोळी घेतली आणि ती बघत असताना तोंड उघडून दाखवलं.